वाणातली लूसस्ट्राइफ

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या रोपांच्या नर्सरीत रांगेत पुढे मराठी ऐकू आलं, तशी सावनीने कानातलं गाणं बंद केलं.

“सॉरी लतिकाकाकू, पण यंदा तुमच्या हळदीकुंकवाला कुणी येणार नाही.”

“का गं रीमा? पन्ह्याच्या कैऱ्या आणून ठेवल्यात मी!”

“मागच्या वर्षी वाण म्हणून रोपं दिलीत ना?”

“पिवळी लूसस्ट्राइफ. ओल्या जमिनीत छान येते.”

“छान? सगळ्यांची लॉन्स गिळली तिने! सरलामावशींचा मेथीचा वाफा गेला.”

“पण फुलं देवाला होतात की.”

“देवही पुरे म्हणाला असेल, काकू.”

“बरं बाई, चुकलं. सगळ्यांना सांग, यंदा फुलंबिलं नाहीत. स्वयंपाकात उपयोगी पडेल असंच देणार.”

“हं. म्हणजे काय?”

“पुदिना! एक काडी खोचली की महिन्यात अंगणभर.”