सुपात पालथी केलेली पर्स

मी, रंभा बुधाजी घरत, वय ५२ वर्षे, धंदा बॅगा व पर्स विकणे, शिक्षण दुसरी, राहणार रोडपाली गाव, कळंबोली, तालुका पनवेल. पोलिसांनी बोलावल्यावरून आज ठाण्यात समक्ष येऊन सांगते ते असे की,

पनवेलच्या बाजारात माझा बॅगांचा गाळा आहे. माझे मालक वारल्यापासून मी एकटी चालवते. किशोरी हितेश भोईर, जी सध्या दवाखान्यात बेशुद्ध आहे, आणि तिची सासू शकुंतला कमळाकर भोईर, या दोघींना मी आधी ओळखत नव्हते. त्यांच्याशी माझं वैर नाही आणि सोयरीकही नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी दोघी गाळ्यावर आल्या. मुलीला, म्हणजे किशोरीला, खांद्यावरून आडवी घालायची छोटी पर्स पाहिजे होती. पोरी तिला स्लिंग म्हणतात. सासू म्हणाली, "माझ्या पोरीची हळद हाय. ही बघ कसली झोळी घेऊन फिरते, माहेरी निघाल्यासारी." मुलगी हसली. मी दोन-तीन पर्स काढून दिल्या. मुलगी प्रत्येकीची चेन उघडून आत हात घालून बघत बसली. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

माझी पद्धत अशी आहे की छोटी पर्स घ्यायची असली की जुनी पर्स सुपात ओतायला लावते. गाळ्यात त्यासाठी सूप ठेवलेलं आहे. रोजचं सामान नव्या पर्सेत घालायचं, चेन लागली तर घ्यायची. नाहीतर बायका घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी मोबाईल मावत नाही म्हणून भांडायला येतात. मी मुलीला ओत म्हटलं. ती म्हणाली, "राहू दे मावशी, मावेल." मी म्हटलं, "मावेल म्हणणाऱ्याच परत येतात." तरी ती उघडेना. तेव्हा मीच तिच्या खांद्यावरची पर्स काढून सुपात पालथी केली.

सुपात मोबाईल, घराची चावी, कंगवा, रुमाल, सुटे पैसे आणि गोळ्यांची एक पट्टी पडली. पट्टी अर्धी संपलेली होती. सासूने ती उचलली. "ही कसली गो?" मुलगी म्हणाली, "डोकं दुखतं त्याची, आई." सासूने चष्मा आणला नव्हता. तिने पट्टी माझ्यापुढे धरली, "तू बघ गो, काय हाय." मला इंग्रजी वाचता येत नाही, पण तसल्या गोळ्या मी ओळखते. माझ्या धाकट्यानंतर आरोग्य केंद्रातल्या बाई मला त्याच द्यायच्या.

मुलीने सुपाखालून माझा हात धरला. घट्ट धरला होता. मी हात सोडवून घेतला आणि सांगितलं, "डोक्याच्या नाहीत. पोर राहू नये म्हणून घेतात त्या आहेत." मला विचारलं म्हणून मी सांगितलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

सासू ओरडली नाही. मुलीला म्हणाली, "मी नवस बोलते, उपास धरते, आणि तू रोज ह्या गिळतेस." मग मला म्हणाली, "ती लाल दे. तीच न्यायची." आधी तिने भावावरून माझं डोकं खाल्लं होतं. आता मी सांगितला तो भाव दिला आणि बिल मागितलं.

नंतर तिने सुपातलं एकेक उचललं. मोबाईल स्वतःच्या पिशवीत टाकला. "हा कशाला? घरात हाईत." चावी टाकली. "आमी घरातच असतो, दार उघडू." सुटे पैसे घेतले. "तुला कुठं जायचंय?" गोळ्या कमरेला खोचल्या. "ह्या हितेशला दाखवायच्या." सुपात रुमाल आणि कंगवा राहिला. ते दोन्ही तिने लाल पर्सेत घातलं, चेन लावली, पट्टा मुलीच्या गळ्यात आडवा अडकवला आणि मला म्हणाली, "बघ, सगळं मावलं."

मागचं एक गिऱ्हाईक हसलं. मी हसले की नाही ते आठवत नाही.

मुलगी रडली नाही. सुपाकडे बघत उभी होती. सासूने पर्सेचा पट्टा मुठीत धरून तिला गल्लीतून नेली, जनावर दाव्याला धरून नेतात तशी. जाताना मुलगी एकदा "मावशी" म्हणाली. मी पुढच्या गिऱ्हाइकाला बॅग दाखवत होते.

गुरुवारी पोलीस गाळ्यावर आले तेव्हा मला समजलं की मंगळवारीच संध्याकाळी मुलगी घराच्या गच्चीवरून खाली पडली. सासूचं म्हणणं मला सांगण्यात आलं. वाळलेले कपडे काढताना पाय घसरला, घरात भांडण नव्हतं, उलट त्याच दिवशी सुनेला हौसेने पर्स घेऊन दिली, हे त्याचं बिल. बिल माझ्या गाळ्याचं आहे. लाल पर्स आज मला दाखवली, ती मी विकलेलीच आहे. आत रुमाल आणि कंगवा आहे. आतल्या कप्प्यात माल येतो तेव्हाचा कागदाचा बोळाही तसाच आहे. हौसेचं मला माहीत नाही. गोळ्यांचं वर सांगितलं ते खरं आहे आणि सासूच्या तोंडावर सांगायला मी तयार आहे.

मुलीला कोणी ढकललं की ती आपण पडली, हे मी बघितलेलं नाही.

पंचनाम्यासाठी सूप मागितलं. ते देता येणार नाही. काल चुलीत घातलं. जुनं झालं होतं.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातलं मुलीने माझा हात धरल्याचं काढा, असं मी म्हटलं. हवालदार बाई म्हणाल्या, तुम्हीच सांगितलंत, आता राहील. ते राहिलं आहे. बाकी मी सांगितलं तसंच लिहिलेलं आहे आणि बरोबर आहे. मला सही येते, अंगठा नको.

सही
रंभा बुधाजी घरत