तिला विचारून सांगतो

मंडळी, बसून घ्या. माईक नको मला. गूळबाजारात सौद्याला उभा राहणारा माणूस मी, आवाज मागंपर्यंत पोचतो. आज देसाई सरांच्या शोकसभेत दोन शब्द बोलायला उभा हाय. जरा सांभाळून घ्या.

देसाई सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. पण खरा अवघड पेपर घ्यायचे ते गंगावेशीत, दूधकट्ट्यावर. समोर पिळलेल्या म्हशीच्या ताज्या धारेचा ग्लास हातात आला, की लग्न झालेल्या कुठल्याबी गड्याला गाठायचे. "खरं सांग, सुखी आहेस का?" भलेभले पैलवान गार व्हायचे, मंडळी! एकजण म्हणाला, "सर, दूध तरी संपू दे की." दुसरा म्हणाला, "का? घरातनं काय निरोप आलाय?" मला विचारलं तेव्हा मी आधी मागं वळून बघितलं. सर म्हणाले, "अण्णा, मिळालं उत्तर."

चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच कळून घ्यायचं असायचं. दोन माणसं भांडतात, रुसतात, आणि परत एकच कांदा फोडून जेवायला बसतात. ह्यात सुख नेमकं असतं कुठं? मला म्हणायचे, "पुस्तकात शोधून दमलो रे. लिहिणारे निम्मे बिनलग्नाचे."

परवा सरांच्या दिवसांच्या कार्याला देसाई वहिनींनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "अण्णा, सगळ्या गावाला विचारत फिरले. स्वतःचं कधी सांगितलं न्हाई. माझ्यासंगं सुखी होते का हो?" वहिनी, तवा मी वाढायचं निमित्त करून पंगतीकडं सटकलो. आता सगळ्यांसमोर सांगतो.

गल्लीत केबल आली, त्या वर्षीची गोष्ट. मीच सरांना धरलं. "लई झालं, सर. आज तुम्ही सांगा." सर गडबडले की! म्हणाले, "एकट्यानं कसं सांगू? तिला विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी आले, ग्लास नुसताच धरून बसले.

"विचारलं का?"

"गेलतो विचारायला. ती घरामागं परड्यात शेजारणीसंगं कशाला तरी हसत होती. दारातच उभा राहिलो बघत. प्रश्न विसरलो, अण्णा."

"मग आज विचारा की."

"नको. प्रश्न ऐकून हसायची थांबली तर?"

वहिनी, एवढंच हाय माझ्याकडं.

मंडळी, उठा. सरांसाठी थोडा वेळ गप्प उभं राहूया. आणि वहिनी आत्ता जरा हसल्यात, त्यांना कुणी काय विचारू नका.