ओढ्यातली सावली

(आलिकांतेच्या विमानतळावरून निघालेली टॅक्सी. सप्टेंबरमधली दुपार. चालक दामियान, मागच्या सीटवर अंपारो.)

दामियान : खिडकी उघडी ठेवायची तर ठेवा, पण मग एसी बंद करतो. दोन्ही चैनी एकदम नाही परवडत.

अंपारो : राहू द्या उघडी. माद्रिदला तीन आठवडे काचेआड काढलेत मी. समुद्राचा वास येऊ दे जरा.

दामियान : आज समुद्राचा नाही यायचा. वारा डोंगराकडनं आहे. ओल्या मातीचा येतोय.

अंपारो : मग बरंच की! अकरा महिने थेंब नाही पडलेला.

दामियान : हं. सोडू कुठल्या हॉटेलात?

अंपारो : हॉटेल कसलं, तंबूंच्या तळावर. नवरा आणि लेक आठवडाभर आधीच येऊन बसलेत.

दामियान : तळ दोन आहेत. टेकडीवरचा की खालचा?

अंपारो : खालचा. चिमोने अगदी निलगिरीच्या सावलीतली जागा पटकावलीय. त्याचाच तोरा चाललाय रोज फोनवर.

दामियान : म्हणजे ओढ्यात.

अंपारो : ओढा कुठला, नुसती वाळू आणि गोटे. सगळं गाव तिथे गाड्या लावतं. मंगळवारचा बाजारही तिथेच भरतो.

दामियान : मीही लावतो. वर्षातले तीनशे साठ दिवस.

अंपारो : आणि उरलेले पाच?

दामियान : उरलेले पाच डोंगराकडे बघतो. तुम्हीही बघा. डावीकडे.

अंपारो : अगबाई! काळंकुट्ट झालंय. पण इथे तर लख्ख ऊन आहे.

दामियान : तेच तर. खाली ऊन असतं, माणसं पोहत असतात. पाऊस वर पडतो आणि पाणी खाली येतं. नवऱ्याला फोन लावा.

अंपारो : काका, घाबरवताय का मला?

दामियान : हो. लावा.

चिमो (फोनवर, स्पीकर चालू) : उतरलीस का राणीसरकार? नुरियाने तुझ्यासाठी कालपासून टरबुजाची फोड राखलीय. आता तिच्यावर मुंग्यांचं राज्य आहे.

अंपारो : चिमो, पाऊस आहे का तिकडे?

चिमो : पाऊस? पाठ भाजून निघालीय माझी!

अंपारो : डोंगराकडे बघ जरा.

चिमो : डोंगर रोजच असतो तिथे. टॅक्सीवाल्याने काहीतरी भरवलंय वाटतं तुला.

दामियान : त्यांना विचारा, शंख ऐकू आला का.

अंपारो : शंख?

दामियान : वरच्या मळ्यांत पाणी सुटलं की मळेकरी शंख फुंकतात. त्याचा ऐकून खालच्या मळ्यातला फुंकतो. माझा बाप फुंकायचा.

चिमो : हां, ते होय! वाजलं खरं मगाशी. आम्हाला वाटलं, जत्रेतल्या लुटुपुटूच्या लढाईची तालीम चाललीय. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दामियान : किती वेळ वाजला?

चिमो : बराच वेळ. मग मध्येच थांबला.

दामियान : फुंकणारा पळाला असेल, म्हणून थांबला.

अंपारो : चिमो, नुरियाला उचल आणि वर चढ.

चिमो : अगं, ती समुद्रात पोहतेय—

अंपारो : ओली तर ओली उचल! चिमो, मला भीती वाटतेय. खरंच वाटतेय. हसू नकोस.

चिमो : बरं. नाही हसत. वर चर्चपर्यंत जातो, मग तर झालं?

दामियान : शेजाऱ्यांनाही हाका मारा म्हणावं.

चिमो : ऐकलं. अहो, चला वर! वर चला सगळे! ... फिदीफिदी हसतायत, अंपारो. माझी पार शोभा झाली.

अंपारो : होऊ दे. तू चढ. फोन ठेवू नकोस.

दामियान : घट्ट धरून बसा. वळवतोय गाडी.

अंपारो : का? समुद्राचा रस्ता तर सरळ जातो!

दामियान : सरळ रस्ता ओढ्याच्या तळातनं जातो. पूल नाही त्याला. टेकडीच्या मागनं चढू. वीस मिनिटं जास्त लागतील.

अंपारो : वीस मिनिटं!

चिमो : पोचलो गं. धाप लागलीय. नुरिया अनवाणीच चढली, पायात काटे मोडलेत. खाली तर अजून... थांब हं. वाळूचा रंग बदललाय. काळपट दिसतेय.

दामियान : पाण्याचं तोंड आलं. आता तिथेच राहा म्हणावं, काही झालं तरी.

चिमो : हो, हो. तुझ्या काकांना म्हणावं, उपकार झाले. अंपारो, ऐक—

अंपारो : काय?

चिमो : काही नाही. घे नुरिया, आईशी बोल.

नुरिया : आई! माझा टॉवेल खाली राहिला.

अंपारो : राहू दे सोन्या. बाबांचा हात धर घट्ट.

नुरिया : बाबा नाहीत इथे.

अंपारो : नाहीत म्हणजे?

नुरिया : गाडी आणायला गेलेत. म्हणाले, दोन मिनिटांत येतो.

अंपारो : चिमो! चिमोऽ! नुरिया, हाक मार त्यांना. जोरात मार!

नुरिया : बाऽबा! ... त्यांना ऐकूच जात नाहीये. खूप आवाज येतोय आई. ट्रकमधून दगड ओततात ना, तसा.

अंपारो : काका, जोरात चालवा! पाया पडते तुमच्या!

दामियान : चालवतोय. पण आपण पोचणार नाही, बाई. पोरीला बोलत ठेवा. खाली बघू देऊ नका तिला.

नुरिया : आई, सगळे कठड्यापाशी गेलेत. एक आजी रडतायत. मी पण जाऊन बघू?

अंपारो : नको. तू पाठ फिरव, सोन्या. चर्चच्या भिंतीकडे तोंड कर. केलंस? काय दिसतंय भिंतीवर?

नुरिया : काही नाही. एक पाल आहे.

अंपारो : केवढी आहे?

नुरिया : एवढुशी.

अंपारो : छान. ती काय काय करतेय, ते सगळं सांग मला. सावकाश सांग.