दुसरी पंगत

उदगीरच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं नंबराची वाट बघत होतं.

“डॉक्टरला खरं सांगा. महिना झाला, भिंतीकडं तोंड करून पडून राहिलाव. ना पारावर जाणं, ना धड जेवणं.”

“भूकच न्हाई, तारामती.”

“आन् महिन्यामागं शेजारच्या दयानंदच्या लग्नात दोन-दोन पंगती जेवलाव! लोक अजून हसायलेत.”

“उठता येईना गं जमिनीवरनं. सगळी पंगत उठली, मी तसाच. मग ‘वाढा अजून’ म्हणत बसलो.”

“अवो, मग मला हाक मारायला काय झालतं?”

“अख्ख्या गावादेखत?”

“चला, नंबर आलाय. धरा हात.”

“लोक बघायलेत.”

“बघू द्या. आपल्या लग्नात माझा हात धरला, तवाबी गाव बघतच व्हतं!”