अर्थिंगचा खड्डा

रेवसच्या जेटीवर तिकिटाच्या रांगेत मानसीच्या पुढेच दोन वायरमन उभे होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“महिपतकाका, रिसॉर्टच्या त्या अंग रापवायच्या मशीनचं अर्थिंग जोडलंत ना?”

“मशीनपास्नं वायर खड्ड्यापर्यंत नेली की, रत्नपाल.”

“खड्ड्यातल्या पट्टीला आवळलीत?”

“खड्ड्यात भरायचा मीठ-कोळसा यायचा होता. म्हटलं, आला की आवळू. जेवून येतो तर माळ्यानं खड्डा बुजवून वर पाणी मारलेलं!”

“म्हंजे वायर सुटीच हाय?”

“आवळली असंल रे त्यानं.”

“माळ्यानं? काका, माणूस उघडा झोपतो त्या मशीनमधी! बाराला पहिलं गिऱ्हाईक हाय.”

“मग रिसॉर्टच्या मॅडमना फोन लाव.”

“कवाचा लावतोय. उचलत न्हाईत.”

“उगा घाबरवू नको. निघताना मशीन चालू करून पत्र्याला हात लावला मी. मुंग्यासुद्धा न्हाय आल्या.”

“तेव्हा पायात काय होतं?”

काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मानसीची नजर खाली गेली. त्यांच्या पायात जाड तळव्याचे रबरी बूट होते.

काका हळूच मागे वळले.

“पोरी, किती वाजले गं?”

“सव्वाबारा.”