क्वार्टरबॅकची वीत

इंडियानापोलिसच्या विमानतळावर बर्फामुळे विमानं अडकली होती. शहरात अमेरिकन फुटबॉलची चाचणी नुकतीच संपली होती; तिथं कॉलेजच्या खेळाडूंची उंची, खांदे, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची तर वीतही मोजतात, आणि मग मोठे संघ फेरीफेरीनं खेळाडू निवडतात. माझ्या मागच्या बाकावर एक नवराबायको बोलत होते.

"पोराची वीत अर्ध्या बोटानं कमी भरली, लोरेन! कालपर्यंत सगळे म्हणत होते, हा क्वार्टरबॅक पहिल्याच फेरीत उचलला जाणार. आता मोठे संघ ढुंकून बघायचे नाहीत."

"कॉलेजात चार वर्षं आपल्या केंडलनं याच हातानं चेंडू फेकला ना?"

"थंडीत ओला चेंडू एवढ्याशा हातातून निसटेल म्हणतात."

"वीत वाढावी म्हणून महिनाभर त्याचा अंगठा ओढत बसलास. तो झोपलेला असतानासुद्धा."

"मग काय करू?"

"मला पहाटे स्वप्न पडलं, वेन. असाच बर्फ पडत होता. त्यानं फेकलेला चेंडू खाली येतच नव्हता. नुसता तरंगत होता."

"तू बघ स्वप्नं! उंची माझी, खांदे माझे. हात तेवढे कुठून आणले कुणास ठाऊक."



"तुझा हात दे इकडे."

"कशाला?"

"दे रे. आता माझ्या तळव्याला लाव. बघ, माझी बोटं कुठं संपतात."

"... अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"शाळेच्या नाचात हाच हात पहिल्यांदा धरलास, तेव्हा मोजला नव्हतास."