अंगठ्याची जागा

"का हो साळूबाय, उद्या सकाळी त्याला पेजसुद्धा द्यायची नाय? घोटभर? — बरं, बरं, पाणीबी नाय, ऐकलं मी. तुम्ही दवाखान्यातल्या, तुम्हाला रोजचंच. आमच्या पोलादपूरच्या डोंगरात माणूस पेज प्यायल्याबिगर बांधावर जात नाय, आणि तुम्ही त्याला उपाशी सुरीखाली घालणार. — बसा ना जराशा, झाडून होईल मागनं. ती? ती आत त्याच्या खाटेच्या पायथ्याशी बसलीय, हिरव्या लुगड्याची? ती मैना. मुलगी नाय हो, मुलगी कुठली — बायको त्याची. मीबी बायकोच. मी थोरली, चंद्रभागा. मला मूल झालं नाय म्हणून त्यानं दुसरी केली, आणि बघायला कोण गेलं होतं? मीच. हळदबी मीच लावली. केस बघा तिचे — तेल माझ्या हातचं!

पण गुडघ्याचं म्हणाल, तर ते दुखणं माझं. तिच्या आधीचं. मुंबईला गोदीत ओझी वाहायचा ना, तिथनं लंगडत आला, दासगावच्या बोटीनं. चालता चालता गुडघा अडकायचा — असा, कोयत्यासारखा वाकडा, ना पुढं ना मागं. निरगुडीचा पाला बांधला, डाग दिले, काय उपयोग नाय. मग एकदा भात लावताना तसाच चिखलात बसला, घामानं डबडबलेला, आणि मी चाचपून बघितलं तर वाटीच्या कडेला बोटाखाली काहीतरी सरकलं — करवंदाएवढं, मऊ. मी अंगठा लावला, पाय जरासा वळवला, आणि सुटला की हो! रडला तो, बाय. एवढा बाप्या माणूस, माझा हात धरून रडला.

तेव्हापासनं माझाच अंगठा. मैना आली, पडवीतली खोली तिची झाली, मी चुलीपाशी. पण गुडघा अडकला की त्या खोलीतनं हाक कुणाला? मला. 'चंद्रे, ये गो!' मग मी जायची. सावकाश जायची — ओरडू दे जरा, ऐकू दे तिला. ती म्हणते, 'आक्का, दाखव ना मला कुठं दाबतेस, तुला किती वेळा उठावं लागतं.' गोड बोलते हो, मुळात वाईट नाय पोर. पण दाखवते कशाला? मी गुडघ्यावर पदर टाकते आणि पदराखालनं हात घालते. एकदा लयच मागं लागली तेव्हा भलतीच जागा दाखवली. तिनं तिथं दाबलं, तो बोंबलला — आणि मी चुलीपाशी हसले. हसू नये, कळतं. पण हसले.

आता हा मुंबईचा डॉक्टर. इथं महाडला आलाय हे तिनंच ऐकलं, तिनंच हट्ट धरला. डॉक्टर म्हणाला, भिऊ नका, वाईट रोग नाय, साधी गाठ हाय, सांध्याच्या आत देठाला लोंबतेय, हाडांच्या मधी चेपली की पाय अडकतो. गुडघा उघडायचा, देठासकट काढायची, शिवून टाकायचं. पुढल्या लावणीला हा चिखलात उभा! मैनेनं हात जोडले, रडली. आणि मला — मला वाटलं, कुणीतरी घरात शिरून माझी चूलच उपटून नेतंय. — अशा काय बघता? दुखणं जाईल, चांगलंच हाय, मी कुठं नाय म्हणते? पण मग तो मला हाक कशाला मारेल? मिठाला? सरपणाला?

गाठोड्यात? काय नाय, भाकरी हाय तांदळाची, आणि जवळा. मला. — मला एवढी कशाला, बरोबर. त्यालाच. उद्या पहाटे, तुम्ही यायच्या आधी, दोन घास देणार होते. तुम्हीच सांगत होतात ना मैनेला, की पोटात काय असलं तर डॉक्टर हात लावणार नाय? आणि तो तर उद्याच बोटीनं परत जाणार. मग कुठला डॉक्टर नि कुठलं काय, आपले आम्ही घरी—

काय म्हणालात? ते गुंगीचं औषध हुंगवल्यावर पोटातलं उलटतं? आणि त्यानं खाल्लेलं लपवलं, तर ते छातीत जाऊन — जीव जातो?

मी काय बोललेच नाय, साळूबाय. घ्या. हे गाठोडं तुमच्याकडंच ठेवा. नाय, नको, मला भूक नाय. जा तुम्ही. जा ना बाय, झाडा तुमचं आंगण."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उतरताना मुरारीचा गुडघा अडकला. साळूबाईने धरून पाहिलं, मैनेने धरून पाहिलं, पाय सरळ होईना. चंद्रभागेने मैनेला तांब्या देऊन विहिरीवर पाठवलं, ती दिसेनाशी होईपर्यंत थांबली, मग गुडघ्यावर पदर टाकला आणि अंगठा लावला. मैना तांब्या भरून परत आली तेव्हा मुरारी उपाशीपोटी, आपल्या पायांनी आत डॉक्टरकडे चालत गेला होता.